गाइडलाइनमध्ये औषधापुढे ‘लो क्वालिटी एव्हिडन्स’ लिहिलं असेल तर ते बंद करावं का? आणि या गाइडलाइन्स ठरवतं तरी कोण?

तुम्ही लिहिलंय की आईला डॉक्टरांनी दिलेल्या गोळीपुढे गाइडलाइनमध्ये, म्हणजे कुठल्या आजारावर काय द्यावं याच्या डॉक्टरांसाठीच्या सूचनांत, ‘लो क्वालिटी एव्हिडन्स’ (कमी दर्जाचा पुरावा) असं दिसलं आणि तुम्ही घाबरलात. मी इथे फक्त वाचायला येते, पण हे वाचून आमचे भाचजावई आठवले आणि राहवलं नाही.

आधी उत्तर. आपल्या मनाने बंद करू नका. तो शिक्का औषधावर नसतो, त्या औषधाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्यावर असतो. ‘लो’ म्हणजे गोळी कुचकामी नव्हे, तर ती किती काम करते हे छातीठोकपणे सांगता येईल एवढा अभ्यास झालेला नाही. हा फरक शिकलेल्या माणसांनाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही, हे मी सरकारी नर्स म्हणून पस्तीस वर्षं काढल्यावर बोलतेय.

आता माझं ऐका. १९९१ चा मे संपत आलेला, पाऊस तोंडावर, आणि राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी दादा पडवीची कौलं परतत होता. कौलाखालचा लाल विंचू त्याच्या बोटाला डसला. आमच्याकडे इंगळीला सगळे घाबरतात, काळी, मोठी, दिसायला भयंकर, पण खरा वैरी तो लहान लाल. दादा म्हणाला, काय नाय गो, इंचू तर चावलाय. दुखतही फारसं नव्हतं म्हणून वहिनीने वाडीतल्या विंचू उतरवणाऱ्या आजोबांना बोलावलं. त्यांचा नावलौकिक मोठा, कारण त्यांच्याकडे गेलेले बहुतेक बरे व्हायचे, आणि बहुतेक बरे व्हायचे कारण बहुतेक विंचूदंश आपोआपच उतरतात. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्यावरच उलटणार आहे.)

तासाभरात दादा घामाने न्हाला, उलट्या सुरू, हातपाय बर्फासारखे गार. पुरुषांत अजून एक लक्षण असतं, ते बहिणीने भावाला विचारायचं नसतं, डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढून पाहिलं. मी तेव्हा त्याच आरोग्य केंद्रात होते. डॉक्टर पोरगेलेसे, नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती, पण त्यांच्या खणात एक झेरॉक्स होती, आपल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेली. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, त्यावर प्राझोसिन द्या. प्राझोसिन म्हणजे बीपीची साधी गोळी! केंद्रात ती नव्हती, शिपाई सायकल हाणत बाजारातल्या मेडिकलमध्ये गेला. तेवढ्यात जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका बड्या डॉक्टरांना फोन लागला तर ते म्हणाले, स्टिरॉइड द्या, सलाइन लावा, पेशंट इकडे पाठवा, बीपीची गोळी कुठल्या पुस्तकात लिहिलीय? आमचे डॉक्टर ‘हो सर’ म्हणाले, फोन ठेवला आणि गोळी दिली.

रात्रभर मी दादाच्या पायाशी बसून होते. डॉक्टर दर अर्ध्या तासाने बीपी बघत, छातीला स्टेथोस्कोप लावत, बोलत काहीच नव्हते. पहाटे कधीतरी त्याचे तळवे माझ्या हाताला कोमट लागले. आधी वाटलं माझेच हात गरम झालेत, म्हणून वहिनीला हात लावायला सांगितलं.

आता भाचजावई. एमडी आहेत, मुंबईला असतात आणि एका संघटनेच्या गाइडलाइन समितीवर आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत मोदकाच्या उकडीला हात लावता लावता दादाच्या विंचवाचा विषय निघाला आणि जावई म्हणाले, “आत्या, ही एक केस झाली, याला पुरावा म्हणत नाहीत.” समोर दादा बसलेला, जिवंत, नारळ खवतोय!

मग त्यांनी जे सांगितलं ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गाइडलाइन म्हणजे चार मोठ्या डॉक्टरांनी बसून आपापली मतं लिहिणं नव्हे. (पूर्वी बऱ्याचदा तसंच चालायचं. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओच्या) गाइडलाइन्स अशा तज्ज्ञांच्या मतांवरच फार चालतात अशी टीका लॅन्सेटमध्येच झाली आणि त्याच वर्षी त्यांना तपासणी समिती नेमावी लागली.) आधी प्रश्न नेमका करायचा, रुग्ण कोण, उपचार कुठला, कशाशी तुलना, शेवटी मोजायचं काय. मग त्यावरचे जगभरचे अभ्यास शोधायचे, आपल्याला आवडणारेच नव्हे, सगळे. मग ‘ग्रेड’ नावाच्या पद्धतीने दर्जा लावायचा, २००० सालापासून त्यावर काम चालू आहे, चार पायऱ्या, हाय, मॉडरेट, लो, व्हेरी लो. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली चाचणी ‘हाय’पासून सुरू होते, नुसतं बघून नोंदवलेलं ‘लो’पासून. मग पाच कारणांनी गुण कापतात. अभ्यास करण्यात पक्षपात, अभ्यासांचं एकमेकांशी न जुळणं, रुग्ण किंवा उपचार आपल्या प्रश्नातले नसणं, आकडे अपुरे असणं, आणि नको ते निकाल छापलेच न जाणं.

मी म्हटलं, म्हणजे दादाची गोळी ‘लो’? तर हो. पण याच ग्रेडमध्ये गुण वाढवायचीही सोय आहे, परिणाम फारच मोठा असेल तर, हे मी नंतर स्वतः वाचून काढलं आणि पुढच्या गणपतीला सुनावलं. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीसेक जायचे, गोळी आल्यावर ते चारच्याही खाली आलं, असं बावस्करांनीच लिहून ठेवलंय. आता यावर निम्म्या रुग्णांना गोळी न देता चाचणी कोण करणार, आणि कुणाच्या भावावर? शिवाय पुराव्याचा दर्जा वेगळा आणि शिफारशीचा जोर वेगळा. जीव जायची वेळ असेल तर पुरावा ‘लो’ असूनही ‘द्याच’ अशी स्ट्राँग शिफारस करता येते, हे त्यांच्याच नियमात आहे. जावईबापू हसले आणि म्हणाले, आत्या तुम्ही समितीवर या. ते हसणं मला अजून आवडलेलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, एका बाबतीत त्यांनी मला पाडलं. विंचवाची लस, म्हणजे अँटिव्हेनम, फुकटची आहे असं मी वर्षानुवर्षं नव्या नर्सना शिकवत आले. ट्युनिशियात १९९९ साली ८२५ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली होती आणि लशीचा काही उपयोग दिसला नव्हता, आणि आमचे तर गोळीवरच बरे होत होते ना. जावई म्हणाले, आत्या, ट्युनिशियाचा विंचू वेगळा, लस वेगळी, गुण कापायचं तिसरं कारण ते हेच. मग महाडची चाचणी दाखवली, २०११ ची, बावस्करांचीच, बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलेली. रुग्ण अवघे ७०. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि लस. लसवाले सरासरी ८ तासांत सावरले, नुसत्या गोळीवाल्यांना पावणेअठरा तास लागले. म्हणजे आमचे बरे होत होते हे खरं, पण दुप्पट वेळ तडफडून, आणि मला ते दिसलं नाही कारण शेजारच्या खाटेवर लस दिलेला कुणी नव्हताच. विंचू उतरवणारे आजोबा आणि मी, दोघं एकाच माळेचे मणी.

तर तुमच्या आईच्या गोळीबद्दल डॉक्टरांना एवढंच विचारा की गुण कशावर कापलेत आणि शिफारस स्ट्राँग आहे की कंडिशनल, म्हणजे परिस्थिती बघून द्या अशी. कंडिशनल असेल तर आईला काय हवंय हेही धरायचं असतं, तेव्हा तिलाही विचारा. नवी गाइडलाइन आलीय का तेही बघा, आणि समितीतल्या कुणाचे कुठल्या कंपनीशी संबंध आहेत हे चांगल्या गाइडलाइनमध्ये लिहिलेलं असतं. लिहिलेलंच नसेल तर मी तरी ती बाजूला ठेवीन.

आणि हो, हे वाचून कुणी प्राझोसिन आणून घरात ठेवू नका. पहिल्या गोळीला बीपी एकदम उतरून माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो. दादाला त्या रात्री डॉक्टरांनी लघवीलासुद्धा उठू दिलं नव्हतं, भांडं मी धरलं होतं. हे मात्र मी जावईबापूंना अजून सांगितलेलं नाही.