आधी झालेला पूर मॉडेलात आण
शहर वसवायच्या सिटीज स्कायलाइन्स या संगणक-खेळावर हात बसला, छान झालं. पण तिथलं शहर कोऱ्या जमिनीवर उभं राहतं. आपल्या नागपुरात वस्ती आधीच आहे. आता एसडब्ल्यूएमएम शिक. पावसाचं पाणी शहरात कुठे, किती वाहील ते दाखवणारं हे संगणकी मॉडेल १९७१ पासून वापरात आहे, फुकट मिळतं. त्यात २३ सप्टेंबर २०२३ चा पाऊस घाल. त्या दिवशी अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठची घरं पाण्यात गेली. मॉडेलातलं पाणी तिथवरच चढतं का, ते पडताळ. जुळल्याशिवाय नवा नाला सुचवू नको. मग नदीकाठच्या लोकांना बोलव. कुणी महापालिका, कुणी बिल्डर होऊ दे, नकाशावर डाव मांड. माझं मॉडेल अशाच डावात एका आजींनी दुरुस्त केलं. बुजलेला नाला त्यांनाच ठाऊक होता.