साडेतीन हजारांचा टँकर घ्या, दोन लाखांचा हप्ता थांबवा

निपाणी तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय २७, हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये सीएनसी प्रोग्रॅमर, हातात महिन्याला ३४ हजार. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून दोन वर्षांपूर्वी सुभेदार म्हणून निवृत्त झाले, वय ५४. प्रश्न असा की फ्लाइट सिम्युलेटरसाठी (संगणकावर विमान उडवायचा खेळ) केसी-१३५ या अमेरिकी टँकर विमानाचा, म्हणजे उडता उडता दुसऱ्या विमानांना इंधन देणाऱ्या विमानाचा, अ‍ॅड-ऑन (खेळात जोडायचा जादा भाग) साडेतीन हजारांना मिळतोय. तो नीट चालावा म्हणून १ लाख ४० हजारांचा नवा पीसी ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यायचाय. यूट्यूब चॅनेल सुरू केलंय, त्यातून हप्ते सुटतील. ‘घेऊ की नको तेवढंच सांगा.’

तेवढंच सांगतो. अ‍ॅड-ऑन घ्या. महिनाभर राबणाऱ्या माणसाने साडेतीन हजार आवडीवर घालवले तर त्यात सल्लागाराने नाक खुपसू नये. फक्त एक बघून घ्या. मित्रांच्या सुखोईंना इंधन द्यायचं असं तुम्ही लिहिलंय. केसी-१३५च्या शेपटीखाली ताठ दांडी असते, बूम. ऑपरेटर मागे पालथा झोपून ती मागे आलेल्या विमानाच्या पाठीवरच्या खाचेत बसवतो. सुखोई, राफेल, मिराज या आपल्या विमानांना तशी खाचच नाही. त्यांच्या नाकाजवळ नळी असते आणि ती टँकरने मागे सोडलेल्या होसच्या टोपलीत घुसवायची असते. हवाई दलाची आग्र्याची इल्युशिन-७८ विमानं तसंच इंधन देतात. तेव्हा तुमच्या अ‍ॅड-ऑनमध्ये टोपलीची सोय आहे का, आणि इंधन खरंच एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातं की दांडी नुसती खाली-वर होते, हे विकत घेण्याआधी विचारा. डाउनलोड केलेल्या मालाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

पीसी आत्ता नको. बारा महिन्यांचा हप्ता ११ हजार ७०० होतो, म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा. ‘नो कॉस्ट’ हे नाव आहे, हिशेब नव्हे. रोखीवर मिळणारी सूट जाते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. चॅनेलचं म्हणाल तर तुमचे सबस्क्रायबर २१२. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं बघणं लागतं. त्यापुढेही टँकर तासन्‌तास एकाच अंडाकृती मार्गावर फिरतो, हे बघणारे किती निघतील? मूळ सिम्युलेटर लॅपटॉपवर कमी ग्राफिक्समध्ये चालतो असं तुम्हीच लिहिलंय. चालवा तसाच, ढग थोडे खरबरीत दिसतील.

या तासांचा पुढे पायलट व्हायला उपयोग होईल, असंही एक वाक्य आहे. नाही होणार. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, ते घरच्या खुर्चीतलं धरत नाहीत. हवाई दलाच्या उड्डाण शाखेची वयोमर्यादा २४, कमर्शियल लायसन्स असेल तर २६.

आता पत्रातली ती ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: ‘रोख पैसे आहेत, पण बाबांच्या बँकेतल्या स्कीमचा दोन लाखांचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचाय, म्हणून पीसी ईएमआयवर. बाबांना ती एकदाच भरायची एफडी वाटली होती. आता बँकवाले म्हणतात, भरला नाही तर पहिले पैसे बुडतील.’

ही एफडी नाही. तुम्ही जोडलेल्या फोटोत स्पष्ट दिसतंय: आयुर्विमा पॉलिसी, वर्षाला २ लाख, दहा वर्षं भरायचे, मुदत वीस वर्षं, शेवटी ४२ लाख, विमा रक्कम २० लाख. सुभेदारसाहेब त्र्याहत्तरीत पोचतील तेव्हा पैसे हातात येतील. घराच्या स्लॅबला गेले ते सोडून त्यांच्याकडे १७ लाख उरलेत, आणि भरायचे नऊ हप्ते होतात १८ लाखांचे. आहे त्याहून जास्त बांधून घेतलंय! आयुष्यभर शिस्तीत काढलेल्या माणसाला काउंटरवरच्या कुणी पोराने ‘साहेब, फक्त सही करा’ म्हणून हे गळ्यात मारलं, याचा मला राग येतो.

‘वीसचे बेचाळीस, डबलहून जास्त’ हे ऐकायला बरं वाटतं. पण वर्षाचा परतावा काढला तर पाच टक्क्यांच्या आतच येतो. आता पहिले दोन लाख अगदी पाण्यात गेले असं धरा, एक पैसाही परत नाही. उरलेले नऊ हप्ते त्याच तारखांना साध्या सहा टक्क्यांवर टाकले तरी विसाव्या वर्षी ४३ लाखांच्या वर जातात, सात टक्क्यांवर ५० लाखांपर्यंत. पहिले पैसे वाचवायला पुढचे १८ लाख अडकवायचे, याला बचत कोण म्हणेल?

‘पण हे करमुक्त आहे,’ असं बँकेतला तो पोरगा सांगेलच. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पेन्शन आणि व्याज धरूनही वडील त्याच्या जवळपास जात नाहीत. ‘विमाही आहे’ म्हणेल. कशासाठी? ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन आहे आणि तुम्ही कमावते आहात. ५४ वर्षांच्या पेन्शनरवर अवलंबून लहान मुलं नसताना हा विमा फक्त कमिशनच्या कामाचा.

पैसे बुडतील ही धमकीही अर्धवट. पॉलिसी गेल्या वर्षी दिवाळीनंतरची आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत अशा पारंपरिक पॉलिसीला एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष पुरं झालं की सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावं लागतं. सगळे पैसे येणार नाहीत, पण शून्यही नाही. म्हणून आज घाईने सरेंडर करू नका. वर्ष पूर्ण होऊ द्या, दुसरा हप्ता भरू नका आणि विमा कंपनीकडून (बँकेकडून नव्हे) सरेंडरचा आकडा लेखी मागवा. सगळ्यात आधी खात्यावरचं ऑटो-डेबिट मँडेट रद्द करा. नाहीतर तुम्ही विचार करत बसाल आणि तारखेला दोन लाख आपोआप वळते होतील.

सरेंडरआधी तक्रार करा आणि पूर्ण हप्ता परत मागा. नापसंतीची ३० दिवसांची मुदत केव्हाच टळली, पण फसवून विकल्याची तक्रार वेगळी. तुमच्या भागात यात एक हत्यार हमखास सापडतं. प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठीचा अर्ज, इंग्रजीत; वडिलांची सही मराठीत. अशा वेळी फॉर्मवर वेगळं निवेदन असतं, की मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत वाचून समजावला, आणि त्याखाली समजावणाऱ्याची सही. कंपनीकडून फॉर्मची प्रत मागवा आणि तिथे कुणी सही ठोकली आहे बघा. वडिलांना विचारा, त्या माणसाला मराठी येतं का? पॉलिसी देताना कंपनीने केलेल्या पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंगही मागा. ‘सगळ्याला हो म्हणा साहेब’ असं आधी पढवलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. ते तक्रारीत तारखेसह घाला.

आधी बँक आणि कंपनी दोघांच्या तक्रार अधिकाऱ्यांना लिहा. समाधान झालं नाही तर विमा नियामकाचं ‘बिमा भरोसा’ हे तक्रारींचं पोर्टल. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. वकील लागत नाही, फी नाही. कोल्हापूर जवळ पडतं म्हणून पुण्याच्या लोकपालांकडे धाव घेऊ नका. पत्ता कर्नाटकातला, तेव्हा तुमचं प्रकरण बेंगळुरूच्या लोकपालांकडे जाईल. तक्रार ऑनलाइन करता येते.

त्या १७ लाखांचं काय? पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना, सध्या ८.२ टक्के. बाकीच्यांना साठीची वाट बघावी लागते, निवृत्त सैनिकांना पन्नाशीनंतर खातं उघडता येतं. अटी पोस्टात विचारा, डिस्चार्ज बुक सोबत न्या. १५ लाख ठेवले तर तिमाहीला ३० हजारांच्या वर व्याज. उरलेले दोन लाख एफडीत, हाताशी. बँकेतून ‘सर, याहून चांगलं आहे’ म्हणून फोन आला तर वडिलांनी तो तुमच्याकडे द्यावा.

तुमचं एक राहिलं. वडिलांच्या ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, आई-वडील येतात. तुम्ही पंचविशी ओलांडलीत आणि कमावताय, त्यात नाही. ३४ हजार पगारावर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमाही नाही. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःचा पाच लाखांचा आरोग्य विमा घ्या, या वयात वर्षाला साधारण सात-आठ हजारांत बसतो. टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) लग्नानंतर बघू, आत्ता कुणी विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. पीसीसाठी महिन्याला आठ हजार बाजूला टाका, दीड वर्षात रोखीने येईल.

पॉलिसीची पहिली चार पानं आणि प्रपोजल फॉर्मची प्रत आली की नाव आणि खाते क्रमांक झाकून फोटो पाठवा. तक्रारीचा मसुदा मी बघून देतो. हप्त्याच्या तारखेआधी पाठवा.