उतरण्याआधी परतीची चढण बघ

प्रिय दोस्ता,

सह्याद्रीतला सराव तुला अमेरिकेतल्या युटा राज्यात, एस्कलांटेच्या घळींमध्ये कामी येईल, पण दगड मात्र नव्यानं ओळखावा लागेल. आपला बेसॉल्ट पावसात निसरडा होतो, तरी मजबूत राहतो. युटाचा नवाहो वालुकाश्म म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या. कणाला कण जेमतेम धरून असतो. भिजला की त्याची ताकद जाते आणि काल भार पेललेली खोबण आज हातात येते. वरून सुकला तरी आत ओल राहते, म्हणून पावसानंतर एक-दोन दिवस कातळाला हात लावू नकोस.

नकाशा १:२४,००० प्रमाणाचा घे. त्यावर दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, बहुधा ४० फुटांचा फरक असतो. म्हणजे ३० फुटी सरळ कडा त्यांच्यामध्ये पुरता लपू शकतो, आणि घळीतले कोरडे धबधबे असेच लपतात. कागदावर सलग दिसणारी घळ मध्येच तुटलेली असेल, हे धरूनच दिवसाचा हिशोब मांड.

लोक अडकतात ते उतरताना. गुळगुळीत उतारावर बसून घसरत खाली जाता येतं. पुढे कडा लागला म्हणून मागे फिरावं, तर त्याच उतारावर बूट धरत नाही; खाली वाट नाही, वरही नाही. म्हणून पहिल्यानं उतरायचं आणि लगेच, कुणाच्या मदतीशिवाय, परत वर यायचं. तोवर बाकीच्यांनी दोरी घेऊन वरच थांबायचं. त्याला चढणं जमलं तरच सॅक खाली सोडायच्या. नाही जमलं तर दोरीनं त्याला वर घ्या आणि ती घळ सोडून द्या. उडी मारून उतरणं कधीच नको, आणि एकट्यानं तर ही परीक्षाच घेता येत नाही.

माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धर. घळ नवाहो थर कापून खालच्या कायेंटा थरात शिरते, तिथे झरे शोध: वरून झिरपलेलं पाणी या घट्ट थरावर अडतं आणि सांध्यातून पाझरतं. कॉटनवुडची झाडं आणि कातळाला लटकलेले नेचे ही त्याची खूण. गढूळ पाण्यात तुरटी फिरव, गाळ बसू दे, मगच फिल्टर लाव. नाहीतर तो पहिल्याच दिवशी तुंबेल. रांजणखळग्यांतल्या पाण्यात हातपाय धुऊ नकोस, त्यात बारीक जीव राहतात.

जुलै ते सप्टेंबर चिंचोळ्या घळीत जाऊच नकोस. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये लोंढ्यानं ११ जणांचा जीव घेतला. पाऊस कित्येक मैल लांब पडला होता. अंदाज बघताना घळीला पाणी देणारा सगळा पट्टा बघ. मुक्कामाआधी लोंढ्यानं आणून भिंतीत अडकवलेल्या काटक्या कुठवर आहेत ते पाहा आणि त्याच्या बऱ्याच वर तंबू लाव.

चालताना ओढ्याचं पात्र किंवा उघडा कातळ धर. मधली काळपट, खडबडीत माती सायनोबॅक्टेरिया हे सूक्ष्मजीव आणि दगडफुलं यांनी बांधलेली असते. एका पावलानं मोडलेला थर भरून यायला अनेक वर्षं लागतात. खुणेसाठी दगड रचू नकोस. पुढच्यालाही ती घळ स्वतःच शोधू दे.

निघण्याआधी गाडी कुठे ठेवणार, कोणत्या घळीत कुठून उतरणार आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शेरीफच्या (तिथल्या पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयाला कळवायचं, हे घरी लिहून ठेव. तिथे फोनला रेंज नसते, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बरोबर असू दे.