न्यूझीलंडला मित्राकडे जातोय. किती दिवस राहावं आणि घरून काय न्यावं?

तुमचा प्रश्न मोठा आहे, पण शेवटची ओळ वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. "मित्राची आई त्याच्यासाठी फराळाचे डबे देणार आहे, नेता येतील ना?" बाकीचं सांगतो, पण आधी हे.

मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेलो होतो. साउथलंडला, म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं पार खालचं टोक. इन्व्हरकार्गिल गावापासून अर्ध्या तासावर एक डेअरी फार्म आहे, तिथे माझा मित्र कामाला होता. आम्ही दोघं कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातले, पाचवीपासून एका बाकावरचे. त्याने कृषी पदविका केली, तिकडे जाऊन आणखी एक कोर्स केला आणि गायींच्या मागे लागला. मी इथेच गोठा सांभाळतो. सहा म्हशी, दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विलायती जातीच्या) गायी, दूध संघाला. चार वर्षं तो गावी आला नव्हता. फोन केला की एकच, "ये की लेका, गायी तरी बघून जा."

निघायच्या आदल्या दिवशी काकूंकडे, म्हणजे मित्राच्या आईकडे गेलो तर चुलीवर कढई. घरच्या म्हशीचं दूध आटवून स्वतः खवा केलेला आणि त्याचे पेढे. दीड किलो. शिवाय भडंग आणि कांदा-लसूण मसाला. मी नियम वाचलेला होता. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. पण काकू डब्याला फडकं बांधत म्हणाल्या, "चार वर्षं झाली रे त्याला घरचा पेढा खाऊन," आणि माझी जीभ काही हलली नाही. डबा घेतला.

सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्चला उतरलो. विमानातच एक कार्ड भरायला देतात. खाण्याचं काही आहे का, प्राण्यांपासून बनलेलं काही आहे का, वगैरे. आणि एक प्रश्न असा की गेल्या तीस दिवसांत कुत्र्या-मांजरांखेरीज जनावरांशी संबंध आलाय का. आता मी काय सांगू? निघायच्या दिवशी पहाटे धार काढून, आंघोळ करून गाडीत बसलो होतो. सगळीकडे 'हो' लिहिलं. शेजारच्या सीटवरचे एक काका (आपल्याकडचेच, गाव सांगत नाही) माझं कार्ड बघून हसले. म्हणाले, एवढं खरं कोण लिहितं?

पुढे त्या काकांच्या बॅगेपाशी तपासणीचं, वास घेत फिरणारं कुत्रं येऊन बसलं. काय सापडलं ते मला दिसलं नाही, मी माझ्या रांगेत होतो.

तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी शांतपणे सगळं काढून बघितलं. आधी बूट मागितले. तेच बूट घालून मी गोठ्यातही जायचो, टाचेच्या खाचेत वाळलेलं शेण होतं. ते आत नेले, धुतले, पिशवीत घालून परत दिले. घेतल्यापासून ते बूट इतके स्वच्छ कधीच नव्हते. मसाल्याची पिशवी उघडून वास घेतला, परत बांधली. भडंग सुटलं. पेढ्यांचा डबा उघडला, विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, दूध आणि साखर. झालं. डबा बाजूला गेला. एक तोंडात टाकू का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाल्या. दंड शून्य, कारण लिहून दिलेलं होतं. लिहिलं नसतं आणि सापडलं असतं तर जागच्या जागी ४०० डॉलर, तेव्हाचे साधारण अठरा हजार रुपये. माझी एक म्हैस महिन्याला तेवढं देत नाही.

तिथून छोट्या विमानाने इन्व्हरकार्गिल. मित्र घ्यायला आलेला. चार वर्षांनी भेट. मिठी मारली आणि पहिला प्रश्न, "पेढे?"

सांगितलं.

"लिहिलंस कशाला पण?"

हे वाक्य मी पुढचे तीन आठवडे ऐकलं आणि नंतर फोनवर दोन वर्षं ऐकलं. लोक डबेच्या डबे आणतात, कोण बघतंय, तूच एक हरिश्चंद्र, आईने दोन दिवस खपून केले आणि तू कचऱ्यात घातलेस. म्हणून आज इथे जाहीर सांगतो, मी बरोबर होतो. का, ते पण सांगतो, कारण त्याला सांगितलं की तो विषय बदलतो.

लाळ-खुरकूत म्हणजे जनावरांच्या तोंडाला-खुरांना होणारा साथीचा रोग, तो काय असतो ते गोठा असणाऱ्याला विचारा. आपल्याकडे लस टोचून टोचून त्याच्याशी संसार चाललाय. न्यूझीलंडमध्ये हा रोग आजवर कधीच आलेला नाही. त्या देशाचं दूध, लोणी, पावडर, मांस जगभर जातं ते या एका गोष्टीच्या जोरावर. उद्या तिथे एका गोठ्यात लाळ-खुरकूत निघाली तर दुसऱ्या दिवशी निर्यात ठप्प. विषाणू दुधातून जातो, मांसातून जातो, बुटाच्या खाचेतल्या शेणातूनही जातो. घरी पेढे वळताना दूध किती तापलं, खवा किती आटला, हात कुठले लागले, हे त्या टेबलावरच्या बाईला कसं कळणार?

आणि हे माझ्या मित्राला माहीत नव्हतं असंही नाही. २०१७ च्या जुलैत तिथे मायकोप्लाझ्मा बोविस हा गायींचा रोग पहिल्यांदा सापडला. माणसाला त्याचं काही होत नाही, पण गायीला कासदाह होतो, सांधे सुजतात, गाभण गायीचा गर्भ पडतो. २०१८ च्या मेमध्ये सरकारने तो मुळापासून उपटायचं ठरवलं. लाखाच्या वर जनावरं कापावी लागली. माझ्या मित्राची आधीची नोकरी ज्या फार्मवर होती तिथला अख्खा कळप त्यात गेला. ट्रकमध्ये गायी चढवायला हा स्वतः होता. त्यानेच मला हे फोनवर रडत सांगितलं होतं. आणि तोच माणूस विमानतळावर विचारतो, लिहिलंस कशाला!

त्याच्या मालकाने मात्र दुसऱ्या दिवशी हे ऐकून माझा हात हातात घेऊन हलवला. आणि लगेच सांगितलं की पहिला आठवडाभर गायींच्या जवळ फिरकायचं नाही. म्हणजे बारा हजार किलोमीटर लांब जाऊन मी आठ दिवस खिडकीतून गायी बघितल्या. बाहेर आडवा पाऊस. घरात हीट पंप, म्हणजे खोली गरम करायचं यंत्र होतं, तेही वीजबिलाच्या भीतीने दोनच तास. खाली विजेची गादी, वर दोन रजया, डोक्याला माकडटोपी.

आता किती दिवस राहावं त्याबद्दल. दिवस मोजण्याआधी मित्राला त्याचा कामाचा हंगाम विचारा. मी विचारला नाही. ऑगस्ट म्हणजे साउथलंडमध्ये गायी वेण्याचा महिना. आपल्यासारखं वर्षभर कधीही नाही. तिथे गवताच्या हिशोबाने सगळ्या गायी वसंताच्या तोंडावर काही आठवड्यांत वितात. साडेसहाशे गायी आणि माणसं चार. मित्र पहाटे चारला उठायचा, नऊला न्याहारीला यायचा, परत जायचा, संध्याकाळी साडेसहाला चिखलाने माखून घरात. जेवायचा आणि ताटावरच पेंगायचा. अकरा दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी असं त्यांचं चक्र. माझ्या एकवीस दिवसांत त्याला सुट्टी मिळाली एकदाच, तीन दिवस. त्यातला एक तो झोपला.

"कधीही ये" म्हणणारा मित्र खोटं बोलत नसतो. त्याला स्वतःलाच कळत नसतं. तुमचा मित्र हॅमिल्टनला ऑफिसात आहे म्हणता, मग इतकं वाईट नसेल. पण तुम्ही म्हणता तसं महिनाभर? नको. दहा-बारा दिवस त्याच्याकडे आणि उरलेले स्वतःचे फिरा, बसने फिरा, गाडी भाड्याने घ्या. रस्त्याची बाजू आपलीच, डावी, आणि आपलं लायसन्स इंग्रजीत असल्याने पाहुण्यांना चालतं. मी मित्राच्या सुट्टीत किनाऱ्यावरच्या ब्लफ गावापर्यंत गेलो. तिथे एक पिवळा खांब आहे, जगातल्या शहरांची अंतरं लिहिलेला, आणि देशाचा एक नंबरचा महामार्ग तिथे संपतो. पुढे समुद्र. इन्व्हरकार्गिलला बर्ट मन्रोची मोटारसायकल बघितली. हा गडी तिथलाच. 'इंडियन' कंपनीची १९२० सालची गाडी घरच्या शेडमध्ये घासून घासून अमेरिकेत नेली आणि १९६७ मध्ये वेगाचा विक्रम केला. कोल्हापूरच्या माणसाने ते बघून डोळ्यांत पाणी आणलं नाही तर तो कोल्हापूरचा नव्हे.

आठवडा संपला आणि मला धार काढायच्या पार्लरमध्ये प्रवेश मिळाला. गोल फिरणारा कट्टा, एका वेळी पन्नास गायी वर चढतात, फेरी पुरी होईपर्यंत धार झालेली असते. गोठा म्हणून नाहीच, गायी बारा महिने उघड्यावर. दूध फोन्टेराला जातं, तीही शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था, २००१ मध्ये झालेली. पण हिशोब लिटरवर नाही, दुधातल्या फॅट आणि प्रोटीनच्या किलोवर. आमच्या संघातल्या फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) भांडणाची फार आठवण आली. नर वासरांचं तिथे काय होतं ते लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळलं. मला ते दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी हौसेने वासरांना बाटल्या पाजायला लागलो तर मालकाने थांबवलं. पाहुण्याच्या व्हिसावर असं तिथलं काम चालत नाही, राहण्या-जेवणाच्या बदल्यातही नाही. हे पण लक्षात ठेवा, कुणी "थोडा हात लाव" म्हणालं तरी.

पण त्या वासरांच्या शेडमध्ये मी जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. चीक. बादल्याच्या बादल्या, पिंपच्या पिंप. पहिल्या धारेचा, हळदीसारखा पिवळा. आपल्याकडे म्हैस व्याली की शेजारच्या चार घरांत वाटीवाटीने जातो, आणि इथे मोजायला भांडं नाही. मी मित्राला विचारलं, तू इतकी वर्षं खरवस केला नाहीस? तो म्हणाला, वेळ कुठंय भावा.

मालकाला विचारून दोन लिटर घेतला. इन्व्हरकार्गिलच्या भारतीय दुकानातून गूळ आणि वेलदोडे. कुकरची शिट्टी काढून वाफवला. पहिला फुटला, कारण त्यांचा चीक किती घट्ट आणि त्याला दूध किती लागतं याचा अंदाज नव्हता. दुसरा असा लागला की सुरी घातली तर कापाची कड उभी राहिली. मालकीणबाईंना वाटलं अंड्याचं कस्टर्ड आहे. कशाचा आहे ते कळल्यावर एक क्षण चमचा थांबला, मग परत वाटी पुढे आली. मित्राने एकट्याने अर्धं भांडं संपवलं, काकूंना व्हिडिओ कॉल लावला आणि तोंडात घास असतानाच म्हणाला, "आई, पेढे मिळाले बरं का, फार छान झालेत." मी बाजूला बसून बघत राहिलो.

एक कबुली द्यायला हवी. लिहून दिलं हे बरोबर, पण डबा घेतला हे चुकलं. काकूंना आदल्या दिवशीच नाही म्हणायला हवं होतं. दीड किलो पेढ्यांना किती दूध लागतं ते मला कळत नाही थोडंच! तेव्हा तुम्ही मित्राच्या आईला आत्ताच सांगा, दिवाळीचे डबे भरायच्या आधी. पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नको. मध नको. ओला कढीपत्ता, ताजी फळं, पेरता येईल असं बी नको. कोरडा, पॅकबंद माल आणि दळलेले मसाले न्या, पण तेही लिहून द्या. तुपातल्या लाडवांचं आणि बाकीच्या एकेका पदार्थाचं त्यांच्या सरकारी साइटवर बघा, माझी माहिती २०१९ ची आहे. आता ते कार्ड ऑनलाइनही भरता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. मागणारी साइट दिसली तर ती खोटी. आणि शेवटच्या क्षणी धीर सुटलाच तर तपासणीच्या आधी टाकून द्यायला डबे ठेवलेले असतात.

व्हिसाला मी सातबारा आणि संघाच्या दूधबिलांची भाषांतरं जोडली होती. परत येणार हे दाखवायला गोठ्याइतका दुसरा पुरावा नाही. मित्राचं निमंत्रणपत्र घ्या, पण खर्चाचे पैसे तुमच्या खात्यात दिसू द्या. तिथे गेल्यावर किराणा आणि पेट्रोल तुम्ही भरा. न विचारता भरा, विचारलं की तो नको म्हणतो.

मित्र गेल्या वर्षी गावी आला होता. परत निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी पुन्हा पेढे केले. मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. त्याने डबा बॅगेत ठेवला, माझ्याकडे बघितलं, परत काढला आणि माझ्या मांडीवर आणून आदळला. काकू विचारतायत काय झालं, हा काही बोलेना. डब्यात एक किलोच्या वर होते. तीन दिवस पुरले.