टीपी५३ यादीत सर्वांत वर आला, म्हणून लगेच हुरळू नका

तुम्ही एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर एन्झालुटामाइड (पुरुषी संप्रेरकांचा अँड्रोजन रिसेप्टर रोखणारं औषध) देऊन संपूर्ण जीनोमचा क्रिस्पर नॉकआउट स्क्रीन केलात, म्हणजे पेशीगणिक एकेक जनुक बंद करून औषधात कोणत्या पेशी टिकतात ते पाहिलंत. त्यात टीपी५३ (पी५३ प्रथिनाचं जनुक) पहिला आला, आणि हेच प्रतिकाराचं जनुक का, असं विचारताय.

तुलना कशाशी केलीत? सुरुवातीच्या पेशींशी केली असेल तर टीपी५३ वर येणं साहजिकच आहे. एलएनकॅपमधला पी५३ शाबूत असतो, आणि कॅस९ने, म्हणजे क्रिस्परच्या कात्रीने, डीएनए कापला की तो पेशीची वाढ रोखतो. तो गमावलेल्या पेशी औषध असो वा नसो, पुढे पळतात. त्याच दिवशीच्या, फक्त डीएमएसओ (औषध विरघळवण्याचा द्रव) दिलेल्या पेशींशी तुलना करा. तरीही तो टिकला तर विचार करण्यासारखं आहे. पण टीपी५३ आणि आरबी१ (पेशींची वाढ आवरणारं आणखी एक जनुक) दोन्ही गेले की पेशी आपली ओळखच बदलतात आणि अँड्रोजन रिसेप्टरवर विसंबत नाहीत, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. असा जोडीचा परिणाम एकेक जनुक बंद करणाऱ्या स्क्रीनमधून निसटू शकतो.

मग पेशींचा हिशोब बघा. ब्रुनेलो लायब्ररीत (अशा स्क्रीनसाठीच्या तयार संचात) ७६,४४१ गाइड, म्हणजे कॅस९ला कुठे कापायचं ते दाखवणारे आरएनए, आहेत. प्रत्येकी ५०० पेशी धरल्या तर ३.८ कोटी होतात, आणि एमओआय (पेशीमागे गाइड नेणाऱ्या विषाणूंचं प्रमाण) ०.३ ठेवायचा तर सुरुवातीला १३-१५ कोटी पेशी लागतात. एलएनकॅप प्लेटला धड चिकटत नाहीत, मीडियम (पोषक द्रव) बदलतानाच कितीतरी वाहून जातात. रेप्लिकेट (त्याच प्रयोगाच्या पुनरावृत्ती) एकमेकांशी जुळत नसतील तर माझा पहिला संशय यावरच असतो.

मीडियममध्ये सीरम कोणता वापरलात, तेही लिहा. टीएलई३ हे जनुक गेल्यावर ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर वाढतो आणि अँड्रोजन रिसेप्टरचं काम उचलतो. एलएनकॅपमधल्याच स्क्रीनने २०१९ मध्ये हे उघड केलं. पण ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरलाही स्टेरॉइड लागतं. चारकोल-स्ट्रिप्ड (कोळशाने संप्रेरकं काढून टाकलेल्या) सीरममध्ये ते जवळपास उरतच नाही, म्हणजे हा मार्ग तुम्ही नकळत बंद केलेला असू शकतो. (२२आरव्ही१ या दुसऱ्या प्रोस्टेट कर्करोग पेशी वापरायचा मोह मात्र आवरा. त्यांत एआर-व्ही७, म्हणजे अँड्रोजन रिसेप्टरचा आखूड प्रकार, आहे. एन्झालुटामाइड रिसेप्टरच्या ज्या भागाला चिकटतं तोच भाग त्यात नसतो, त्यामुळे त्या पेशी औषधाला आधीच फारशी दाद देत नाहीत.)

यादीतली पहिली चार-पाच जनुकं घ्या, प्रत्येकाचे दोन वेगळे गाइड वापरा. नॉकआउट आणि साध्या पेशी एकत्र वाढवून औषधात कोण पुढे जातं ते पाहा. नंतर गाइडला न कापता येणारी जनुकाची प्रत परत घाला. पेशी पुन्हा औषधाला दबल्या तरच ते नाव पेपरात लिहा.