गोदावरीच्या पुराचं सिम्युलेशन करायचंय: वन-डी, टू-डी की थ्री-डी?

नाशिकच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की रामकुंडापाशी पाणी कुठवर चढेल, एवढंच प्रोजेक्टमध्ये काढायचं असेल तर थ्री-डीच्या नादी लागू नका. टू-डी घ्या, म्हणजे पाणी लांबी-रुंदी दोन्ही दिशांनी पसरताना दाखवणारं मॉडेल. पाणी पात्रातच राहत असेल तर फक्त पात्राच्या लांबीने प्रवाह मोजणारं वन-डी पुरतं. पण इथे ते घाट ओलांडून सराफ बाजाराच्या गल्ल्यांत शिरतं, आणि तिथून कुठे वळेल हे नदीच्या आडव्या छेदांवरून कळत नाही.

हेक-रास हे पुराच्या मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, वन-डी आणि टू-डी दोन्ही करतं. फक्त त्याच्या टू-डीत डिफ्यूजन वेव्ह हे सोपं केलेलं समीकरण डिफॉल्ट असतं, म्हणजे प्रवाहाचं जडत्व धरलेलं नसतं. पूल आणि तीव्र वळणं आहेत, तेव्हा जडत्वही धरणारी पूर्ण शॅलो वॉटर समीकरणं निवडा.

खरी मेख उंचीच्या डेटात आहे. ३० मीटरच्या उपग्रह डेटात घाटाच्या पायऱ्या, भिंती, अख्खी गल्ली एका चौकोनात गडप होते. पाण्याखालचा तळ तर नसतोच. सर्व्हेचे छेद कसेही करून मिळवा. मॅनिंगचा एन, म्हणजे पात्राच्या खरखरीतपणाचा आकडा, स्वच्छ, सरळ नैसर्गिक पात्राला ०.०३ च्या आसपास धरून सुरुवात करा, मग जुळवत न्या. पडताळ्याला गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहेच! ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या फोटोंत मूर्ती कुठवर बुडाली आहे ते बघा, तिची उंची मोजा, पातळी निघते.

पुलाच्या खांबापाशी तळ किती खरवडेल हा प्रश्न असेल तरच थ्री-डी, तेही तेवढ्या तुकड्यापुरतं. टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे पाण्यातल्या खळबळीसाठी, के-ओमेगा एसएसटी हे मॉडेल घ्या. मोठे भोवरे थेट सोडवणारी एलईएस पद्धत लॅपटॉपवर झेपणार नाही.