वाचकांचे प्रश्न : मन ओळखणं आणि लक्षात ठेवणं

प्रश्न : नात चार वर्षांची झाली आणि खोटं बोलायला लागली. डब्यातलं खाजं स्वतः खाते आणि ‘मांजरानं खाल्लं’ म्हणून सांगते. सून म्हणते, आत्ताच धाक घातला पाहिजे. काय करावं?
– एक आजी, वेंगुर्ले

उत्तर : धाक घालण्याआधी नातीला काय जमू लागलंय ते बघा. खाजं कुणी खाल्लं ते मला ठाऊक आहे, आजीला नाही. मी सांगेन ते तिला खरं वाटेल, एवढा हिशेब झाला तेव्हा कुठे मांजराचं नाव पुढे आलं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, प्रसंगी चुकीची समजूत असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगतं. तीन वर्षांच्या मुलाला ते सहसा जमत नाही.

हे घरी पडताळता येतं. दोन बाहुल्या, एक डबा, एक टोपली घ्या. चिंगी नावाची बाहुली खाजं डब्यात ठेवून खळ्यात खेळायला जाते. तिच्या माघारी दुसरी बाहुली ते काढून टोपलीत लपवते. चिंगी परत आली की विचारा, ‘चिंगी खाजं आधी कुठे शोधेल?’ उत्तर ‘डब्यात’ आलं, तर चिंगीच्या मनातली समजूत नातीनं ओळखली. ‘टोपलीत’ आलं, तर आपल्याला ठाऊक ते चिंगीलाही ठाऊक, असं तिला अजून वाटतंय. त्यानंतर ‘सुरुवातीला खाजं कुठे होतं?’ आणि ‘आत्ता कुठे आहे?’ हेही विचारायचंच. ते चुकलं तर मूल गोष्टच विसरलंय. तो खेळ धरू नका. मोठी माणसं इथे दोन चुका करतात. ‘शोधेल’ऐवजी ‘आहे’ म्हणतात, आणि विचारताना त्यांची नजर टोपलीकडे जाते. मूल ती नजर बघून उत्तर देतं.

विमर आणि पेर्नर यांनी १९८३ मध्ये या धर्तीची चाचणी मांडली. १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी ती थोडी बदलून, दोन बाहुल्या घेऊन वापरली, तेव्हा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या २० पैकी १६ मुलांचं उत्तर चुकलं. बुद्धीची वाढ एरवी मंद असते अशा डाउन सिंड्रोमच्या १४ पैकी १२ मुलांचं बरोबर आलं. म्हणजे माणसं ओळखण्याची समज आणि एरवीची बुद्धी या एकाच मापानं मोजता येत नाहीत. मेंदूत या कामाला कपाळामागचा मधला भाग आणि कानाच्या वर, जरा मागच्या बाजूला असलेला भाग विशेष जुंपलेला दिसतो.

ही समज बोलण्यातून वाढते. बोलणाऱ्या घरात जन्मलेल्या आणि खुणांची भाषा उशिरा मिळालेल्या कर्णबधिर मुलांना हीच चाचणी उशिरा जमते. त्यांच्या बुद्धीत काही कमी नसतं, मनाबद्दलच्या गप्पा त्यांच्या वाट्याला आलेल्या नसतात. म्हणून गोष्ट सांगताना ‘त्याला वाटलं’, ‘तिला ठाऊकच नव्हतं’, ‘तो फसला’ असे शब्द भरपूर येऊ द्या.

आणि खोट्याचं म्हणाल, तर उत्तर आपल्याला माहीत असताना ‘कुणी खाल्लं?’ असं विचारू नये. त्या प्रश्नातच मुलाला खोट्याचं आमंत्रण असतं. ‘खाजं तू खाल्लंस, मला दिसलं. उद्या हवं असेल तर मागून घे,’ एवढं सांगा.

प्रश्न : मुलगा २० महिन्यांचा. ‘आई’ आणि ‘बाबा’ एवढेच शब्द येतात. घरात आम्ही मालवणी बोलतो, मोबाईलवर मराठी आणि इंग्रजी गाणी लावतो. मालवणीमुळे तो गोंधळतोय का?
– एक आई, मालवण

उत्तर : नाही. मालवणी अजिबात सोडू नका. दोन भाषांतल्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे असतात. ज्या भाषेत आजीआजोबा पोटभर बोलतात, तीच त्याची शिकण्याची भाषा.

शब्दांपेक्षा आधी चार गोष्टी बघा. हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का? नुसतं ‘हे बघ’ म्हणून काही दाखवायला आणतो का? तुम्ही ‘थंय बघ’ म्हणून बोट केलंत तर बोटाकडे न बघता बोटाच्या दिशेनं बघतो का? नावानं हाक मारली की वळतो का? यातलं काही होत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. आधी कानाची तपासणी, मग विकासाची. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, ते पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. चारही गोष्टी होत असल्या, तरी कान या महिन्यात तपासून घ्या. दोन वर्षं पूर्ण होताना दोन शब्द जोडून बोलत नसेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा.

मोबाईलबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. ज्यांच्यासमोर बाई बसून खेळली, बोलली, ती बाळं १२ बैठकांत चिनी ध्वनींतला फरक ओळखू लागली. तेच पडद्यावर बघितलेल्या बाळांना काही आलं नाही. बाळाचा मेंदू आवाजाबरोबर समोरच्याची नजर आणि प्रतिसाद धरून शिकतो. बाबा दूर असतील तर त्यांचा व्हिडिओ कॉल त्यामुळे गाण्यांपेक्षा वेगळा, कारण बाबा उत्तर देतात.

रोज दोनदा १५ मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. तो ज्याकडे बघतोय त्याचंच नाव घ्या. तुम्हाला शिकवायचंय त्याचं नको. बोलून झालं की मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. बहुतेक घरांत चूक इथे होते, मूल तोंड उघडायच्या आत मोठी माणसं पुढचं बोलतात. तो ‘होडी’ म्हणाला तर तुम्ही ‘मोठी होडी’ म्हणा, एकच शब्द वाढवून. ‘म्हण बघू’ असा आग्रह नको.

प्रश्न : दहावीत आहे. इतिहास आणि विज्ञान तीन-तीनदा वाचते, पेपरात आठवत नाही. कोकण मंडळाचा निकाल दरवर्षी राज्यात पुढे असतो, त्यामुळे घरी अपेक्षा फार आहेत.
– एक विद्यार्थिनी, राजापूर

उत्तर : तिसऱ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच ‘येतं’ समजतो. पेपरात मात्र पुस्तक समोर नसताना आठवून काढायचं असतं, आणि त्याचा सराव झालेला नसतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

म्हणून धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या पानावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा. अडलं तरी लगेच उघडू नका. अर्धा मिनिट झगडा, मग बघा. राहिलेलं लाल शाईनं भरा. दुसऱ्या दिवशी लाल भागापासून सुरुवात करा, तेही न बघता. मग तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी जरा विसरायला झालेलं असलं पाहिजे. लगेच आठवलं तर फेरी फार लवकर झाली, काहीच आठवलं नाही तर फार उशिरा. एसटीत तास जात असेल तर पुस्तक न उघडता मैत्रिणीला प्रकाशसंश्लेषण समजावून सांगा. तिनं मध्येच ‘का?’ विचारलं पाहिजे. वही हातात धरून समजावलं तर ते पुन्हा वाचनच होतं.

गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीनं सोडवू नका. वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता अशी मिसळा. कोणती रीत लावायची हे ठरवणं हेच निम्मं गणित आहे, आणि एकाच प्रकारच्या गठ्ठ्यात ते आयतं मिळतं. मिसळल्यावर सुरुवातीला जास्त चुकतं. घाबरून सोडू नका.

झोप आठ तास. दिवसभरातलं मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नोंदलं जातं आणि गाढ झोपेत पुन्हा उजळून पक्कं होत जातं. पहाटे तीनला उठून वाचायचं असेल तर संध्याकाळी सातलाच झोपावं लागेल. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

प्रश्न : अण्णा ७४ वर्षांचे. डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) जायचे ते बंद केलं. विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतात. स्मृतिभ्रंश असेल का?
– एक मुलगा, गुहागर

उत्तर : असू शकेल, पण पहिली शंका कानांची घ्या. वयानं आधी उंच स्वर ऐकू येणं कमी होतं. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ अशी व्यंजनं पुसट होतात, स्वर नीट ऐकू येतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार असते. पखवाज, टाळ, पत्र्यावरचा पाऊस यांत तर सगळंच मिसळतं. हुकलेला शब्द अंदाजानं भरण्यात मेंदू दमतो आणि माणूस हळूहळू घोळक्यातून उठून जातो.

शांत खोलीत, समोर बसून, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बघून, सावकाश बोला. उत्तरं नीट आली तर कानाचा संशय बळावतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. दोन्ही कानांचं कमी असेल तर शक्यतो दोन्हींना श्रवणयंत्र. पहिल्या आठवड्यात घरात, एका माणसाशी बोलताना, दोन तास. मग वाढवत न्या. पहिल्याच दिवशी बाजारात नेलं तर भांड्यांचा, रिक्षाचा आवाज अंगावर येतो आणि यंत्र कायमचं कपाटात जातं. यंत्राचा आवाज एकदा बसवून भागत नाही. दोन-तीनदा जुळवून घ्यावा लागतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत रात्री बॅटरीचं झाकण उघडून यंत्र सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवा. कान ठीक असूनही, किंवा यंत्र लावूनही विसरणं तसंच राहिलं, तर बी-१२, थायरॉइड आणि नैराश्य तपासून न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत बहिरेपणा वरच्या कारणांपैकी एक आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत यंत्र वापरल्यानं सगळ्यांना फरक पडला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्या स्मरणाची आणि विचारांची घसरण मात्र तीन वर्षांत जवळपास निम्म्यानं कमी झाली.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी मित्र लक्ष वाढवायच्या गोळ्या घेतो. डोक्याला सौम्य करंट देणारा पट्टाही ऑनलाइन मिळतो. ब्राह्मी बरी का?
– एक तरुण, रत्नागिरी

उत्तर : त्या गोळ्या मेथिलफेनिडेटच्या असतील तर मित्राला आजच थांबवा. अवधानदोष (एडीएचडी) असलेल्यांना त्या डॉक्टर देतात आणि उपयोगही होतो. निरोगी माणसाला तरतरी वाटते, झोप उडते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. ज्या झोपेत अभ्यास पक्का व्हायचा तीच जाते.

पट्टा नको. प्रयोगशाळेत एक ते दोन मिलिअँपिअर वीज सुमारे २० मिनिटं देतात, तिथेही परिणाम एकसारखा येत नाही. घरी स्पंज वाळला की कातडी भाजते.

ब्राह्मीच्या चाचण्या बहुधा रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, १२ आठवडे अशा झाल्या आहेत. आठवणीत थोडी सुधारणा दिसते. मळमळ आणि जुलाब होऊ शकतात. पेपर पंधरा दिवसांवर असताना तिचा उपयोग नाही. माडाच्या बागेतली गोल पानांची ‘ब्राह्मी’ बहुधा मंडूकपर्णी असते. चाचण्यांतली ब्राह्मी वेगळी, लहान, लांबट, मांसल पानांची.

प्रश्न : आमच्याकडे मिठागरातलं जाडं मीठच वापरतात. मुलगी गरोदर आहे. चालेल का?
– एक आई, शिरोडा

उत्तर : तिच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉइड संप्रेरकावर घडतो आणि त्याला आयोडीन लागतं: एरवी रोज १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना २५०. मासळीतून काही मिळतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. जाडं मीठ खारातल्या कैऱ्यांना आणि मासळी सुकवायला ठेवा. आयोडीनचं मीठ चुलीपासून लांब, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि आमटी उतरवताना घाला. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं तर ते फेकू नका, त्या पाण्याबरोबर आयोडीन जातं.